गळ्याचा जमाखर्च

ताई, मी बडोद्यात परफॉर्मिंग आर्ट्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गायन. दांडिया बाजारात जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर राहते. खालच्या आजोबांना बरं नसतं, म्हणून सकाळी सव्वासहा ते सात एवढाच रियाज होतो, तोही दबक्या आवाजात. मग कॉलेज. तिथे रोज दीड तास तरी प्रत्यक्ष गायचं असतं. सोमवार ते गुरुवार संध्याकाळी पाच मुलांना शिकवते. प्रत्येकाच्या घरी जाऊन, आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास. मंगळवारी आणि गुरुवारी त्यानंतर कारेलीबागेत बाईंकडे तासभर तालीम. बाई म्हणतात, चार तास रियाज होत नसेल तर गाणं सोड. कॉलेजातले सर म्हणतात, परीक्षेचे राग आधी बसव. बाई वर्षभर यमनच शिकवतायत, आणि विलंबितातली (संथ लयीतली) एक बंदिश दोघांकडे वेगवेगळी आहे. विलंबित एकतालात माझी सम, म्हणजे बारा मात्रांच्या आवर्तनाची पहिली मात्रा, चुकते. आता एका गरबा ग्रुपने नऊही रात्री गायला बोलावलंय. पुढच्या सहामाहीची फी त्यातून निघेल. पण दिवाळीनंतर लगेच परीक्षा आहे. शिवाय गेले दहा दिवस संध्याकाळ झाली की आवाज बसतो, सकाळी ठीक असतो. चार तास कुठून आणू? शिकवण्या सोडू का? गरब्याला हो म्हणू का?
– बेसूर झालेली

*

सही काही आवडली नाही, पण असो. पत्र उलट्या क्रमाने वाचायला हवं. तू शेवटी लिहिलेली गोष्ट, संध्याकाळी बसणारा आवाज, ती आधी. चार तासांचं नंतर.

तुझ्या मंगळवारची बेरीज कर. सकाळी पाऊण तास. कॉलेजात दीड तास. पाच मुलं, दोनदा, पंचेचाळीस मिनिटं म्हणजे आठवड्याला साडेसात तास. चार दिवसांत वाटले तर रोजचे जवळजवळ दोन. वर बाईंकडे एक तास. झाले पाच तास. तू म्हणतेस रियाज पाऊण तास होतो, पण गळा पाच तास चालतो आहे, आणि त्यातले दोन तास पेटीच्या वर आवाज काढून मुलांना ‘सा’ दाखवण्यात जातात. त्यात कॉलेजच्या कट्ट्यावरच्या गप्पा आणि स्कूटरवरून मैत्रिणीशी ओरडून बोलणं धरलेलंच नाही. एवढ्या खर्चात आणखी चार तास टाकले, तर पहिला गळा जाईल, मग परीक्षा.

चार तास रियाज म्हणजे चार तास आवाज लावणं नव्हे. तंबोरा जुळवणं, ऐकणं, ताल हातावर घेणं, बंदिश मनात फिरवणं, लिहून काढणं हा सगळा रियाजच आहे, आणि यातल्या कशालाच गळा लागत नाही. तेव्हा दिवसाचे दोन भाग पाड: गळ्याचं काम आणि बिनगळ्याचं काम. या वयात, रोज कॉलेज असताना, कॉलेज आणि तालीम धरून गळ्याचं काम तीन-सव्वातीन तासांच्या पुढे जाऊ नये असं माझं मत आहे, तेही अर्ध्या-पाऊण तासाच्या तुकड्यांत, मध्ये तेवढाच वेळ गप्प बसून. बिनगळ्याच्या कामाला मर्यादा नाही.

रोज सकाळी एक चाचणी घे. उठून पाणी प्यायल्यावर पाच मिनिटं तोंड मिटून हलकं गुणगुण. मग तार (वरच्या) सप्तकातले सा, रे, ग ‘ऊ’कारात लाव, शक्य तितक्या हळू आवाजात, शेजारच्या खोलीत झोपलेलं माणूस जागं होणार नाही इतक्या हळू. हळू लावलेला स्वर लगेच आणि स्वच्छ लागला तर स्वरतंतू ठीक आहेत. आधी नुसती हवा येऊन मग स्वर लागला, मध्येच तुटला, किंवा फक्त जोर दिल्यावरच लागला, तर तंतूंना सूज आहे. मोठ्या आवाजात सूज झाकली जाते, म्हणून ही चाचणी हळू आवाजातच करायची. वहीत तारखेपुढे बरोबर किंवा फुली कर. फुलीच्या दिवशी वीस मिनिटं मंद्र (खालचं) आणि मध्य सप्तक एवढंच, नव्या ताना नाहीत, तार षड्जाच्या वर जायचं नाही.

संध्याकाळी बसून सकाळी सुटणारा आवाज हे बहुधा थकव्याचं लक्षण, म्हणजे अजून वेळ हातात आहे. पण दहा दिवस झालेच आहेत. आणखी तीन-चार दिवस खर्च कमी करूनही फरक पडला नाही, किंवा सकाळचा आवाजही बसायला लागला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घे. गाणाऱ्या माणसाने दोन आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नये. तोवर कुजबुजत बोलू नकोस. कुजबुजण्याने गळ्याला विश्रांती मिळत नाही; हळू पण नेहमीच्या आवाजात बोल, नाहीतर गप्प राहा. सारखं खाकरू नकोस, त्याऐवजी घोटभर पाणी पी. ज्येष्ठमध, खडीसाखर खुशाल खा, पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेतून खाली जाते, स्वरतंतूंना लागत नाही. तिथवर पोचते ती पाण्याची वाफ. डोकं दुखतं म्हणून गाण्याआधी अ‍ॅस्पिरिन घेऊ नकोस. त्याने रक्त पातळ राहतं आणि ताणलेल्या स्वरतंतूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

आता सकाळचा तो दबका रियाज. तो आत्ता आहे तसा बंद कर, कारण दबकं गाताना आवाजात हवा मिसळते, गळा आवळला जातो आणि तीच सवय लागते. शिवाय ऐकणाऱ्याला त्रास होतो तो तार सप्तकाचा आणि तानांचा. खर्ज, म्हणजे खालचे स्वर, भिंतीपलीकडे फारसा बोचत नाही. म्हणून सकाळी वीस मिनिटं फक्त खर्ज, पण पूर्ण, मोकळ्या आवाजात: मध्य षड्जावरून एकेक स्वर खाली मंद्र पंचमापर्यंत, प्रत्येक स्वर एका श्वासाचा. पंचमाच्या खाली सहज जाईल तेवढंच. हनुवटी छातीला टेकवून दाबलेला खर्ज काही कामाचा नाही. खिडकी लाव आणि गाद्यांच्या राशीकडे तोंड करून बस, आवाज बराच शोषला जातो. आणि आजोबांना एकदा खाली जाऊन वेळ सांगून ये: सव्वासहा ते सहा पस्तीस. कधी थांबणार हे ठाऊक नसलेला आवाज आजारी माणसाला जास्त छळतो. (अशा आजोबांपैकी निम्मे तरी दुसऱ्या आठवड्यात ‘आज भैरव नाही का?’ विचारतात.)

मोकळ्या गळ्याच्या रियाजाला घर सोडून दुसरी जागा लागेल. सूरसागरच्या काठचं कॉलेज तुझ्या घरापासून चालत जाण्याजोगं आहे. वर्ग सुरू होण्यापूर्वी एखादी खोली चाळीस मिनिटं मिळते का ते विभागात विचार, रीतसर, अर्ज लिहून. नुसत्या ओळखीवर मिळालेली खोली परीक्षा जवळ आली की आधी हातची जाते. खोली मिळाली की पहिली दहा मिनिटं पलटे (ठरलेल्या क्रमाचे स्वरसमूह), मधली वीस त्या दिवसाचा एकच राग, शेवटची दहा ताना. ताना मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत, एका मात्रेत चार स्वर असे सुरू कर. सलग तीनदा स्वच्छ आल्या तरच लय चारने वाढव. एकदा जमलं म्हणून ऐंशीला उडी मारली की स्वर घसरतात आणि ते घसरणंच पाठ होतं.

भाद्रपदातल्या दमट हवेत तंबोरा सारखा उतरतो, आणि तुझ्या चाळीस मिनिटांतली दहा-बारा त्यातच जातील. आठवड्यातले पाच दिवस अ‍ॅपचा तंबोरा चालेल, पण इयरफोन लावून नाही. कान बंद असले की स्वतःचा आवाज नीट कळत नाही आणि जोर वाढतो. छोटा स्पीकर पाठीमागे ठेव. शनिवार-रविवार खरा तंबोरा घे आणि तो जुळवायला हवा तेवढा वेळ दे. झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पूस, नाहीतर गंज चढून जवारीचा (तारेच्या गुंजनाचा) गोडवा जातो.

शिकवण्या सोडू नकोस, गोळा कर. पाच मुलांच्या दोन तुकड्या, सोमवार आणि बुधवार, तुकडीला एक तास, एकाच पालकांच्या घरी पाठोपाठ. साडेसात तासांचे चार झाले, आणि बाईंकडे जायच्या दिवशी एकही शिकवणी उरली नाही. पालक म्हणतील, ‘मग लक्ष कसं राहणार?’ त्यांना सांग, पंचेचाळीस मिनिटांऐवजी साठ मिळतायत, फी तीच आहे, आणि दुसऱ्या मुलाची चूक ऐकून कान लवकर तयार होतो. ही थाप नव्हे. तुकडी पाडताना वय बघू नकोस, सूर लागतो की नाही ते बघ. नऊ वर्षांची सुरेल मुलगी तेरा वर्षांच्या नवशिक्या मुलाबरोबर बसवलीस तर दोघंही कंटाळतील.

शिकवताना स्वर पेटीवर दे, गाऊन देऊ नकोस. गाऊन दाखवायचं ते नव्या ओळीला, दोनदा. एक मूल गाईल, बाकीची हातावर ताल देतील, मग पाळी फिरेल. साठ मिनिटांत तुझं गाणं दहा मिनिटांच्या आत बसायला हवं. पेटीचा भाता जोरात मारून वर आपण गाणं ही बडोद्यातल्या घरोघरच्या शिकवण्यांची जुनी खोड आहे. गळे त्यातच खराब होतात.

पैशाशिवायची एक देवघेव तुझ्या कॉलेजच्या इमारतीतच आहे. तबल्याच्या विद्यार्थ्यांना स्वतंत्र वादनाच्या तयारीला लेहरा (आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजवायची एकच धून) धरणारं कुणीतरी रोज हवं असतं आणि मिळत नाही. तुला ठेका धरणारा हवा आहे. अर्धा तास तू पेटीवर लेहरा धर, अर्धा तास तो तुला ठेका देईल. लेहरा धरताना तुझा गळा गप्प असतो आणि सम हाडात मुरते. तीनतालाचा एकच लेहरा अर्धा तास न ढळता वाजवून बघ, म्हणजे कळेल लय सांभाळणं काय असतं. अट एकच, पाळी चुकवायची नाही. ‘उद्या डबल करू’ म्हणणारी जोडी आठवड्यात मोडते.

आता तुझा एकताल. विलंबितात सम चुकते म्हणजे बहुतेकदा मात्रा मोजण्यात चूक नसते, ठेक्यातली खूण चुकीची ओळखलेली असते. ठेका बघ: धिं धिं । धागे तिरकिट । तू ना । क त्ता । धागे तिरकिट । धी ना. ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं. तिसरी-चौथी मात्रा आणि नववी-दहावी मात्रा. विलंबितात कान आलापात गुंतलेला असतो, अचानक ‘तिरकिट’ ऐकू येतं आणि विद्यार्थी दचकून मुखडा (बंदिशीचा समेवर नेणारा सुरुवातीचा तुकडा) उचलतो. ते पहिलं तिरकिट असलं, तर तू सातव्या मात्रेवर येऊन धडकतेस, जिथे ‘खाली’, म्हणजे टाळी न द्यायची मात्रा, आहे. तुझी चूक अशीच होते का, हे रेकॉर्डिंग ऐकून तपास. तिरकिटनंतर ‘तू ना’ आलं तर अजून अर्धं आवर्तन बाकी आहे, ‘धी ना’ आलं तर सम दोन मात्रांवर. बोल फरक सांगतात, ते ऐकायची सवय नसते एवढंच.

ही सवय लावायला गायचं नाही. अ‍ॅपवर एकताल मिनिटाला बारा मात्रांवर ठेव. एक मात्रा पाच सेकंदांची, आवर्तन बरोबर एका मिनिटाचं. प्रत्येक मात्रेचे चार भाग बोटांच्या पेरांवर मोज, म्हणजे आवर्तनाला अठ्ठेचाळीस, आणि बोल तोंडाने बोल. पाच आवर्तनं. हे कमाटीबागेत सकाळी फेरी मारतानाही होतं, फक्त पावलांची लय मात्रेला बांधू नकोस, कारण पाऊल दमलं की ते लय ओढतं. मग नुसता मुखडा: नऊ मात्रा गप्प राहायचं, दुसरं तिरकिट आलं की मुखडा उचलून समेवर यायचं. दहा आवर्तनं, दहा मिनिटं. तुझ्या बंदिशीचा मुखडा नेमका कितव्या मात्रेच्या कितव्या भागावर उठतो ते बंदिशीच्या वर लिहून ठेव. ‘दहाव्यानंतर कुठेतरी’ हे पुरेसं नाही.

यानंतर आलाप घे, पण नवव्या मात्रेला हातातली जागा, म्हणजे चालू असलेला स्वरांचा तुकडा, सोडून द्यायची. अर्धी राहिली तरी. सगळ्यांची चूक इथेच होते: सुंदर काहीतरी चाललेलं असतं, ते दहाव्या मात्रेपर्यंत ओढलं जातं, मग मुखडा घाईत कोंबावा लागतो आणि सम लवकर येते. सोडलेली जागा पुढच्या आवर्तनात पुन्हा घेता येते, चुकलेली सम घेता येत नाही. शेवटचा टप्पा माणसाच्या ठेक्यावर. तबल्यावरच्या मित्राला सांगून ठेव की दुसरं तिरकिट जोरात वाजवून इशारा द्यायचा नाही. परीक्षेला साथीला कोण असेल ते तुझ्या हातात नसतं, आणि आठवडाभरात त्या इशाऱ्याची चटक लागते.

सम चुकण्यामागे आणखी एक गोष्ट असू शकते, आणि तिचा धागा तुझ्या दोन गुरूंपाशी जातो. बंदिशी तोंडी आल्या, त्यामुळे पाठभेद असणारच. सरांची बरोबर की बाईंची, हा वाद घालू नकोस. पण दोन्हीकडचे मुखडे वेगळ्या मात्रेवर उठत असतील आणि तू स्थायी बाईंची नि अंतरा सरांचा अशी खिचडी करत असशील, तर सम चुकणं अटळ आहे. दोन वह्या कर. बंदिशीवर कुणाकडून घेतली ते नाव आणि मुखड्याची मात्रा लिही. कॉलेजात आणि परीक्षेत सरांची, कारेलीबागेत बाईंची. एका दिवशी दोन्ही गाऊ नकोस.

आणि वर्षभर यमन म्हणजे वेळ वाया, असं तुझ्या पत्रातल्या सुरावरून वाटतं. तसं नाही. बाई तुला राग नाही, बढत शिकवतायत: कुठल्या स्वरावर थांबायचं, तिथून पुढचा स्वर किती उशिरा दाखवायचा. तोच सांगाडा परीक्षेच्या रागांना लाव. प्रत्येक रागाचे थांबायचे स्वर वेगळ्या शाईने लिही. बिहागात ग आणि नि, बागेश्रीत म आणि ध. यमनात गंधारावर जेवढ्या जागा बाईंनी दिल्या, त्यांचा आकार घेऊन बागेश्रीच्या मध्यमावर बसतील त्या बसव, बाकीच्या सोड. पाच नवे राग शून्यातून बसवण्यापेक्षा हे लवकर होतं.

शास्त्राच्या पेपरला मुलं व्याख्या घोकतात आणि तोंडी परीक्षेत अडकतात. परीक्षक विचारतात ते जोड्यांचं. भूप आणि देशकार, दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. मग नुसते आरोह-अवरोह गाऊन फरक दाखवता येत नाही, थाट (रागाचं मूळ स्वरकुळ) सांगून अर्धाच कळतो. भूप कल्याण थाटातला, वादी (मुख्य स्वर) ग, संवादी (त्याच्या खालोखालचा) ध, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. देशकार बिलावल थाटातला, वादी ध, संवादी ग, सकाळचा. हे सांगून लगेच गाऊन दाखवायचं: भूप गंधाराकडे परत येतो, देशकार धैवतावर चढून बसतो, आणि त्यात रिषभ दुबळा. मारवा, पूरिया, सोहनीचंही तसंच. तिन्ही मारवा थाटातले, तिन्हींत पंचम नाही. मारव्यात रे आणि ध, पूरियात ग आणि नि, आणि सोहनीचा सगळा जीव उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात. एका कार्डावर एक जोडी, मागे दोन्हींचे चार-चार स्वरांचे तुकडे. रोज दोन कार्डं, वर्गांच्या मधल्या वेळेत, आणि तुकडे मनातल्या मनात गायचे.

स्वरलिपीचे गुण हकनाक जातात. तीनतालातली मध्य लयीतली बंदिश बहुतेकदा नवव्या मात्रेवर, म्हणजे ‘खाली’च्या मात्रेवर, सुरू होते, आणि मुलं ती समेपासून लिहायला घेतात. मग सगळी ओळ आठ मात्रा सरकते. आधी चार-चार मात्रांचे चार खण आख, खणांच्या तळाशी सम, दोन, शून्य (म्हणजे ‘खाली’), तीन या खुणा कर, मगच शब्द भर, शून्याच्या खणापासून. कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ शेवटी एकदा सगळ्या पानावरून नजर फिरवून तपास, त्याच राहून जातात. बडोद्यात या कामाला कमीपणा मानायचं कारण नाही. १८८६ साली सयाजीरावांच्या काळात इथे गायनशाळा निघाली तेव्हा गायक मौलाबक्ष यांनी स्वतःची स्वरलिपी करून शिकवलं, आणि १९१६ साली संगीतशास्त्री भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही इथेच. तुझा आणखी एक फायदा आहे. भातखंड्यांची ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ मूळ मराठीत आहे, गुरुशिष्यांच्या संवादात. वर्गातल्या बाकीच्यांना ती भाषांतरात वाचावी लागते. तुझ्या अभ्यासक्रमातल्या रागांपुरती वाच.

गरबा. नऊ रात्री नको. गरब्याला मी नाक मुरडत नाही; फी त्यातून निघणार असेल तर ते काम सन्मानाचंच. अडचण गळ्याची आहे. ढोल आणि स्पीकरच्या गदारोळात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि तो ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडायला लागतो. मैदानात धूळ, गाणी एकमेकांना जोडलेली, श्वासाला जागा नाही. एका रात्रीने काही होत नाही. सुजलेल्या तंतूंवर दुसरी रात्र, मग तिसरी, असं होत गेलं की बिघडतं.

चार रात्री घे, एकाआड एक. ग्रुपला तालमीच्या सोयीसाठी नऊ हव्या असतात, तेव्हा नुसतं ‘जमणार नाही’ म्हणण्यापेक्षा जोडीदार घेऊन जा: वर्गातली दुसरी मुलगी, तुझ्याच पट्टीची (तोच सा धरून गाणारी), तीच गाणी पाठ असलेली. त्यांना नऊ रात्री भरून मिळाल्या की बहुतेक ग्रुप ऐकतात. होकार देण्याआधी तीन गोष्टी विचार. पट्टी कुठली? तू काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) गात असशील आणि त्यांची गाणी तुझ्या तार मध्यम-पंचमावर वारंवार जात असतील तर ती ओळ कोरसला किंवा दुसऱ्या गायिकेला द्यायला सांग. सलग किती वेळ? वीस मिनिटं गाऊन वीस मिनिटं दुसऱ्याची पाळी, यापेक्षा जास्त नाही. आणि तुझ्याकडे तोंड केलेला मॉनिटर, म्हणजे तुझा आवाज तुला ऐकवणारा स्पीकर, आहे का? नसेल तर एका कानात मऊ बोळा घाल, आपला आवाज आतून ऐकू येतो. पैसे किती आणि कधी, हे फोनवर लेखी घे. अर्धे पहिल्या रात्रीआधी. चार रात्रींत फी पूर्ण निघणार नाही, हे उघड आहे. उरलेल्या रकमेचे हप्ते पाडून मिळतात का, हे कार्यालयात आत्ताच विचार, शेवटच्या तारखेला नाही.

गरब्यानंतर सगळे सेव-उसळ खायला जातात. जा, पण खाऊ नकोस, किंवा संध्याकाळीच खा. रात्री एकला तिखट-तेलकट खाऊन आडवं झालं की आम्ल वर येतं आणि स्वरतंतू सकाळी लाल. दुसऱ्या दिवशी अकराच्या आत गळ्याचं काहीही काम नाही, नंतर आधी चाचणी. फुली आली तर पुढची रात्र जोडीदाराची. हे तिच्याशी आधीच ठरवून ठेव. शरद पुनमेचा एक जादा गरबा असतो, तो घेऊ नकोस.

त्याआधी गणपती आहेत. आरतीला टाळ-झांजांच्या वर ‘जय देव जय देव’ ओढणारी तू असणारच, वाड्यात गाणारी मुलगी एकच असते. दहा दिवस टाळ हातात घे आणि हळू म्हण. त्यानंतर पितृपक्ष, आणि तो तुझ्यासाठी वर्षातला सोन्यासारखा पंधरवडा आहे: कुणी सुपारी देत नाही, कार्यक्रम नाहीत. परीक्षेचे राग तेव्हा बसव, रोज एक, आलटून-पालटून. नवरात्रात नवीन काहीच घेऊ नकोस, फक्त कार्डं आणि स्वरलिपी. दसऱ्यापासून दिवाळीच्या अमावास्येपर्यंत वीसेक दिवस मिळतात, त्यातले पहिले तीन गळा गप्प ठेव आणि मग रोज एक पूर्ण राग, विलंबितापासून तानांपर्यंत, तबल्यावर, घड्याळ लावून.

आता दिवसाची बेरीज पुन्हा कर. खर्ज वीस मिनिटं, कॉलेजच्या खोलीत चाळीस, ठेक्यावर गाणं तीस, लेहरा तीस, चालताना ताल चाळीस, ऐकणं आणि लिहिणं पंचेचाळीस. साडेतीन तासांच्या आसपास रियाज झाला, आणि त्यात गळा फक्त दीड तास लागला. मंगळवार-गुरुवारी खोलीतली चाळीस मिनिटं गाळ आणि ती बाईंना दे. कॉलेज धरून त्या दिवशी गळा पाच तासांवरून सव्वातीनवर येतो.

हे बाईंना फोनवर सांगू नकोस. मंगळवारी दहा मिनिटं आधी जा, सकाळच्या चाचणीची वही बरोबर ने, आणि संध्याकाळी आवाज बसतो हे पहिल्यांदा सांग, एकतालाचं नंतर. चार तासांचा हिशोब त्यांनी विचारला तर दाखव. गरब्याचंही त्यांना तुझ्याकडूनच कळू दे. बडोदं लहान आहे, दुसऱ्या रात्रीपर्यंत कळतंच.